गोड बोलणाऱ्याला नियम नव्हता

लोक तिला गाळणीबाई म्हणायचे. हे नाव काही कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. इंटरनेटवरच्या चर्चेच्या फोरमवर ज्यांच्या कमेंट ती उडवायची, त्यांनी चिडून ते ठेवलं. मग औषधाच्या दुकानातल्या मंडळींनी उचललं आणि शेवटी घरी नवराही दार उघडताना "या गाळणीबाई" म्हणायला लागला. तिला त्याचं काही वाटलं नाही. काम गाळण्याचंच होतं.

त्याआधीची सगळी नोकरी तिनं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली होती. तळमजल्यावर जिन्याखालची खोली, खिडकी नाही, कानाला हेडफोन आणि समोर लुकलुकणारे दिवे. फोन करणारी माणसं घाबरलेली असायची, आणि घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. वॉर्डात कुणी फोन उचलला नाही की सगळा जाळ हिच्यावर. कुणी आई काढायचं, कुणी सात पिढ्या. ही फक्त म्हणायची, "थांबा हं, जोडून देते." त्या 'थांबा हं'मध्ये काय होतं कोण जाणे, पण उतू चाललेल्या दुधावर फुंकर घालावी तसा समोरचा माणूस खाली बसायचा. बरोबरच्या बायका म्हणायच्या, हिच्या जिभेवर मध आहे. पुढे एक्स्चेंजच्या जागी 'एक दाबा, दोन दाबा' आलं आणि ती जीभ मधासकट घरी बसली.

घरी ती, नवरा आणि सासूबाई. नवरा बस डेपोत मेकॅनिक. सासूबाईंना जुना मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. ती त्या आपल्या हातानंच टोचून घ्यायच्या, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि मुलानं घेऊन दिलेल्या फोनवर काहीबाही वाचत राहायचं, एवढाच त्यांचा उद्योग. सासू-सुनेत भांडण नव्हतं. खरं तर भांडावं इतकं बोलणंच नव्हतं.

दोन गल्ल्या सोडून औषधाचं दुकान होतं. तिथल्या औषधवाल्यानं दुकानाच्या वेबसाइटवर मधुमेही लोकांसाठी चर्चेचा फोरम उघडला होता. हेतू चांगला होता. लोकांनी अनुभव सांगावेत, एकमेकांना धीर द्यावा. पण थोड्याच दिवसांत मासळीबाजार परवडला अशी गत झाली. एकानं लिहावं गोड सोडा, दुसऱ्यानं विचारावं तुझ्या बापानं सोडलं होतं का, आणि तिथून पुढे जे सुरू व्हायचं ते थेट स्मशानापर्यंत. औषधवाला वैतागून तिच्याकडे आला. ताईंनी वरच्या खोलीत बसावं, सगळं वाचावं आणि घाण तेवढी काढावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

वरच्या खोलीत खोक्यांच्या चळतींमधून वाट काढत टेबलापर्यंत जावं लागे. खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास भिंतींत मुरलेला. पहिल्या दिवशी ती कम्प्युटरसमोर बसली आणि तासाभरात तिचे कान गरम झाले. शिव्या तिनं जन्मभर ऐकल्या होत्या. पण फोनवर शिवी देणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा, त्याची धाप, मागं कुणाचं तरी रडणं. इथं माणूस शांत बसून, एकेक अक्षर टाइप करून लिहीत होता. आणि नावापुढे फोटो कशाचे, तर नातवंडांचे, गुलाबाच्या फुलांचे. नातवाला मांडीवर घेतलेल्या आजोबांनी एका अनोळखी बाईच्या अंगावरच्या गाठीबद्दल जे लिहिलं होतं, ते वाचून तिला त्या दिवशी घास उतरला नाही. नवरा हसला. त्यांच्या डेपोत हे शब्द नमस्काराऐवजी वापरतात म्हणाला. तिला हसू आलं नाही.

हळूहळू ती सरावली. तिनं नियम केले: शिवी दिसली की कमेंट गेली, पुन्हा दिसली की ताकीद, तरी ऐकलं नाही की दार बंद. औषधवाल्याच्या भाच्यानं वाईट शब्द आपोआप पकडणारी एक सोय कम्प्युटरवर बसवून दिली. त्या यंत्रानं पहिलीच शिकार केली ती एका निवृत्त पोस्टमास्तरांची. बिचाऱ्यांनी लिहिलं होतं की ते रोज सकाळी बागेत गांडूळखत घालतात, त्यानं हालचाल होते आणि साखर ताब्यात राहते. त्या शब्दाची सुरुवात यंत्राला खटकली आणि पोस्टमास्तरांना असभ्य वर्तनाबद्दल ताकीद गेली. ते तडक दुकानात आले. गांडुळाला दुसरं काय म्हणतात ते मला सांगा, मी तसं लिहीन, असं त्यांनी काउंटरवर हात ठेवून शांतपणे विचारलं. त्यानंतर यंत्र बंद झालं आणि सगळं तिच्या डोळ्यांवर आलं.

डोळ्यांपेक्षा तिचा भरवसा कानांवर होता. कमेंट ती मनात वाचायची, एक्स्चेंजवरच्या आवाजात, आणि सूर खटकला की उडवायची. पहिला वाईट शब्द लागला की पुढचं वाचायचंच नाही, ही तिची पद्धत. घाण आहे हे कळलं, मग चमचा आणखी खाली कशाला घालायचा?

फोरमवर सगळ्यात घाणेरडं तोंड होतं 'ठिणगी' नावाच्या माणसाचं. तो महिन्यातून दोन-चारदा उगवायचा आणि आल्या आल्या सुरू. तिनं त्याला बंद केलं, तो नाव थोडं बदलून पुन्हा आला. पुन्हा बंद केलं. आणि सगळ्यात गोड तोंड होतं 'नम्रसेवक' या माणसाचं. "आदरणीय ताई, आपल्या यातना वाचून डोळे भरून आले. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन शब्द सुचवू का?" असं त्याचं लिहिणं. कुणी वाकडं बोललं तर तो त्याचीच क्षमा मागायचा. त्याच्या कमेंट वाचताना तिचे खांदे सैल व्हायचे. असं लिहावं माणसानं, असं तिनं औषधवाल्याला सांगितलं, आणि तिच्याच सांगण्यावरून नम्रसेवकाच्या नावापुढे एक सोनेरी चांदणी लागली. सौजन्याची चांदणी. फोरमवर ती मिळालेला तो पहिलाच.

अजून एक होती, 'खिडकीतली'. कुणीतरी वयस्क बाई असावी. लिहायची थोडं, पण ते वाचून गाळणीबाईला भरून यायचं. "घरात माणसं आहेत, पण दिवस जात नाही," असं तिनं एकदा लिहिलं. खरं तर गाळणाऱ्यानं, म्हणजे मॉडरेटरनं, उत्तर देण्याचं कारण नव्हतं, तरी गाळणीबाईनं लिहिलं: "सूनबाईंशी मोकळेपणानं बोलून पाहा. मन हलकं होईल." त्यावर खिडकीतलीनं फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं.

एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. शेजारणीनं त्याला कळवलं होतं. सासूबाई खुर्चीतून खाली कोसळल्या होत्या आणि श्वास विचित्र चालला होता. गाळणीबाई पोचली तेव्हा त्यांना उचलून नेत होते. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं की इन्सुलिन कधीपासून बंद आहे. गाळणीबाई म्हणाली, बंद कुठंय, त्या रोज घेतात. कित्येक आठवड्यांत ह्यांच्या शरीरात एक थेंब गेलेला नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवरा घरी जाऊन बघून आला. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. येताना त्यानं आईचा फोन आणला आणि बायकोच्या हातात दिला.

"हे बघ," तो म्हणाला. "तुझाच फोरम आहे ना हा?"

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिनं फोन पाहिला. वर नाव होतं: खिडकीतली. ज्या बाईला तिनं सुनेशी बोलायला सांगितलं होतं, ती बाई तिच्याच घरात खिडकीशी बसून ते वाचत होती. आणि हात जोडल्याचं ते चित्र सुनेलाच होतं.

खाली खासगी निरोप होते. फोरमवर चारचौघांत जे लिहिलं जाई ते तिला दिसे. खासगी निरोप ज्याचे त्याला. नम्रसेवकाचे निरोप वर सरकवता सरकवता संपेनात. सकाळी 'झोप लागली का, माउली', दुपारी 'आज पाय दुखले का'. एवढी विचारपूस तिनं स्वतः सासूबाईंची उभ्या जन्मात केली नव्हती. आणि त्या विचारपुशीच्या मधेमधे, औषध कालवून द्यावं तसं: सुई ही शरीराला लागलेली कुबडी आहे. एकेक दिवस सोडत जा. चक्कर येईल, घाबरू नका, ते विष बाहेर पडतंय. घरच्यांना सांगू नका, ते प्रेमापोटी भितात. शेवटचा निरोप त्याच दिवशी सकाळचा होता. सासूबाईंनी लिहिलं होतं, श्वास लागतोय. उत्तर होतं: "धन्य आहात माउली. आता थोडंच राहिलं."

तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. एक शिवी नव्हती. एकही शब्द वावगा नव्हता. तिच्यासमोर हे आलं असतं तर तिनं ते पास केलं असतं.

सासूबाई वाचणार की नाही हे दोन दिवस कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं आणि गाळणीबाई वरच्या खोलीत गेली. काय शोधायचं हे तिला ठाऊक होतं, पण हात धजत नव्हता. उडवलेल्या कमेंट कम्प्युटरच्या टोपलीत तशाच पडून राहायच्या. तिनं ठिणगीच्या बाहेर काढल्या. पहिल्या ओळीत नेहमीची लाखोली होती, आणि ती ओलांडून तिनं पहिल्यांदाच पुढचं वाचलं.

"ह्या चांदणीवाल्याच्या नादी लागू नका. ह्यानं माझ्या भावाची सुई सोडवली. भाऊ गेला. खासगीत बोलवतो. कुणी तरी ऐका रे."

पुढच्या कमेंटमध्येही तेच होतं, त्याच्या पुढच्यातही. शिव्या प्रत्येक वेळी जास्त होत्या. शेवटच्या कमेंटमध्ये त्यानं तिलाच शिवी दिली होती, आणि खाली लिहिलं होतं, "बाई, तुम्ही वाचत नाही का?"

ती उठून खोक्यांपाशी उभी राहिली, पुन्हा बसली. मग खाली जाऊन तिनं सगळं औषधवाल्याला सांगितलं. तो काउंटरमागं स्टुलावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

नाव नोंदवताना ठिणगीनं फोन नंबर दिलेला होता. तिनं लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलेल्या पत्त्यावर गेली. पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेली लोखंडी फाटकं, जळक्या लोखंडाचा वास. तोंडावर मुखवटा लावून एक माणूस जिन्याच्या कठड्याला जोड देत होता. ती आलेली पाहून त्यानं मुखवटा वर केला. तिच्या मनात कुणी वाह्यात पोरगा होता. हा पन्नाशीतला, पाठीत वाकलेला वेल्डर होता, आणि त्यानं आधी तिच्यासाठी खुर्ची पुसली.

तिनं सासूबाईंचं सांगितलं. ऐकताना तो हातमोज्यांची बोटं ओढत राहिला. मग ती म्हणाली, "तुम्ही हे शिव्या न देता लिहिलं असतं, तर माझ्यापर्यंत पोचलं असतं."

"लिहिलं होतं की," तो म्हणाला. "सगळ्यात पहिल्यांदा. शेजारच्या मास्तरांच्या मुलीकडून लिहून घेतलं होतं, एकदम चांगल्या भाषेत."

तिला ते आठवेना. त्यानं आठवण करून दिली. त्या कमेंटखाली नम्रसेवकानं एवढा सुंदर शोक व्यक्त केला होता, भावाच्या आत्म्याला शांती मागितली होती आणि हळूच लिहिलं होतं की त्यांना दुसराही काही आजार असावा, कुटुंबाला कदाचित कल्पना नसेल. शेकडो लोकांनी त्या उत्तराला हात जोडले. वेल्डरला दोघांनी समजावलं की दुःखात माणूस दोष द्यायला कुणीतरी शोधतो. तिनंही त्या उत्तराला पसंती दिली होती. आत्ता आठवलं.

"सभ्य बोलता येत नाही असं नाही, ताई," तो म्हणाला. "पण सभ्य बोलण्यात तो माझ्यापेक्षा हुशार होता. मग मी माझ्या भाषेत उतरलो."

शेडच्या दारापर्यंत तो सोडायला आला.

सासूबाईंच्या फोनमध्ये नम्रसेवकाचा नंबर होता. तिनं तो वरच्या खोलीतून लावला. आधी पोलिसांत जावं असं औषधवाल्याचं म्हणणं होतं, पण तिला तो आवाज ऐकायचा होता. पलीकडून मऊ, वयस्क आवाज आला. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. तो कुठल्या गुहेत बसलेला ठग नव्हता. कुणाचं तरी जेवण होत असलेल्या घरात बसला होता. तिनं सांगितलं की ती खिडकीतलीची सून. त्यानं लगेच ओळखलं. माउली कशा आहेत, असं त्यानं इतक्या काळजीनं विचारलं की क्षणभर तिला वाटलं, आपलंच काही चुकत असावं. मग तिनं सगळं सांगितलं. वेल्डरच्या भावाचंही सांगितलं.

तो म्हणाला, "फार वाईट वाटलं हो ताई. असं होतं कधी कधी. विश्वास शेवटपर्यंत टिकत नाही माणसांचा. पण आपण खचू नका."

आणि तिच्या तोंडून शिवी गेली. एक गेली आणि मागून रांगच लागली. दोन वर्षं जे जे तिनं गाळलं होतं ते सगळं जसंच्या तसं आत साठलेलं निघालं, अर्थ ठाऊक नसलेले शब्दसुद्धा. नातवाला मांडीवर घेतलेल्या आजोबांचे, डेपोतले, ठिणगीचे. औषधवाला जिन्यात उभा होता. त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. तिची दमछाक झाली तेव्हा पलीकडून तोच मऊ आवाज आला.

"मन मोकळं झालं ना? छान झालं. मी आपल्यासाठी प्रार्थना करीन."

फोन बंद झाला. शिव्या दिल्याचा तिला धक्का बसला होता, पण त्याहून मोठा धक्का हा की त्या माणसाला एकही लागली नव्हती.

पोलिसांनी तक्रार घेतली, पण नाखुशीनं. साहेबांनी सगळे निरोप वाचले आणि यात धमकी कुठाय, फसवणूक कुठाय, असं विचारलं. त्यानं कुणाकडून एक वस्तूही घेतलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन जबाब दिला तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. अजून तो सरकतोच आहे.

फोरमवर गाळणीबाईनं चांदणी काढली, नम्रसेवकाला बंद केलं आणि घडलं ते आपल्या चुकीसकट लिहिलं. तिला वाटलं होतं, लोक हादरतील. काही हादरले. तीन कुटुंबांनी कळवलं की त्यांच्याही घरात असंच झालं, एका घरात फार उशीर झाला होता. पण कितीतरी लोक तिच्यावरच उलटले. एवढ्या सज्जन माणसाला बदनाम करता, तुमची पात्रता काय, असं अगदी शुद्ध भाषेत विचारलं गेलं. पोस्टमास्तरांनी एकट्यानं तिची बाजू घेतली. ठिणगीला तिनं परत आत घेतलं. शिव्या ती आजही उडवते, पण नुसत्या शिव्या. बाकीचं वाक्य राहू देते. आणि खासगी निरोप औषधवाल्यानं बंदच करून टाकले.

सासूबाई घरी आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. डोळ्यांना अंधूक दिसायला लागलं होतं, गेलेली नजर काही परत येणार नव्हती. सुई आता सून टोचायची, आणि त्या मुकाट्यानं दंड पुढे करायच्या. त्यांना त्या माणसाचा राग आला असेल अशी तिची समजूत होती. एका सकाळी कापसानं दंड पुसताना तिनं तसं काहीतरी म्हटलं.

"राग कशाला," सासूबाई म्हणाल्या. "बोलायचा चांगला. सकाळी उठले की कुणीतरी विचारतंय, एवढं होतं. मला माहीत होतं ना गं, सुई सोडली तर काय होतं ते. इतकी वर्षं टोचतेय. पण त्याला नाही म्हटलं असतं तर तो बोलायचा थांबला असता."

त्या फसल्या नव्हत्या. हे तिनं नवऱ्याला बरेच दिवस सांगितलं नाही.

मग तिनं कामाच्या वेळा बदलल्या. दुपारी घरी राहायला लागली, खिडकीशी दुसरी खुर्ची टाकली. आणि ज्या आवाजानं आयुष्यभर परक्यांना शांत केलं, तोच आवाज तिनं सासूबाईंसाठी काढला. "आई, जरा पाणी घेता का हं? आई, उशी नीट करू का हं?" असे चार-पाच दिवस गेले. शेवटी सासूबाईंनी मान वळवून तिच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "असं गोड बोलू नकोस माझ्याशी. भीती वाटते मला."

"मग कसं बोलू?"

"नवऱ्याशी बोलतेस तसं."

तिनं थोडा विचार केला. मग सकाळपासून मनात होतं ते बोलून टाकलं. बाथरूममधली ओली चादर दोन दिवस तशीच पडली आहे, त्यांनीच टाकली आहे आणि निदान सांगायला तरी हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, दिसत असतं तर त्यांनी स्वतःच धुतली असती, आणि या घरात चादरी धुवायची पद्धत पहिल्यापासूनच चुकीची आहे. ती म्हणाली, तीस वर्षांत हे आज सांगताय? त्या म्हणाल्या, तीस वर्षांत विचारलंस कधी? नवरा डेपोतून आला तेव्हा दोघी चादरीवरून निघून त्याच्या लग्नातल्या कुणाच्या तरी मानापमानापर्यंत पोचल्या होत्या. तो दारातच चपला हातात घेऊन उभा राहिला, आणि आत जावं की नाही हे त्याला कळेना.